पॅसेंजर टिकवायची तर ग्रामपंचायतीने काय करायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात कोकणातल्या पॅसेंजर गाड्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर रोह्यापासून मडुऱ्यापर्यंतच्या लोकांची पत्रं आली, मेसेज आले, एकांनी तर वहीच्या पानावर स्टेशनच्या रस्त्याचा नकाशा काढून पाठवला, कुठला खांब बंद आहे त्यावर फुली मारून. सगळं छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि बरेच जण नोकरीत आहेत, कुणी पदावर आहेत, म्हणून नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या जवळच्या स्टेशनवरचा पॅसेंजरचा थांबा काढणार अशी कुजबुज आहे. ग्रामसभेत ठराव मांडते म्हटलं तर आमचेच दोन सदस्य म्हणतात, रेल्वे केंद्राची, आपल्या ठरावाला कोण विचारतंय. मांडू की नको?

मांडा ताई, नक्की मांडा, पण नुसता ठराव मांडू नका, त्याच्यासोबत आकडे मांडा.

तुमचे सदस्य म्हणतात ते कायद्याने बरोबर आहे. घटनेच्या केंद्र सूचीत रेल्वे आहे, २२ व्या नोंदीत, त्यामुळे गाडी कुठे थांबवायची हा निर्णय ग्रामपंचायत घेऊ शकत नाही, जिल्हा परिषदही नाही आणि राज्य सरकारही नाही. पण कोकण रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी आहे हे त्यांना सांगा. १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं तेव्हा भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के होता, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५ आणि गोवा, केरळचा सहा-सहा टक्के. म्हणजे ही लाइन टाकताना आपल्या राज्याने पदरचे पैसे घातलेत, आणि जमीन तर इथल्याच माणसांची गेली, कुणाचं भातखाचर, कुणाची कलमं, कुणाची घरामागची विहीर. तेव्हा "आपला काय संबंध" असं निदान कोकणात तरी कुणी म्हणू नये.

आता आकड्यांचं. थांबा काढायचा असला की रेल्वे बघते काय, तर त्या स्टेशनवरून किती तिकिटं खपली. प्लॅटफॉर्मवर किती माणसं उभी होती हे ऑफिसात बसलेल्या माणसाला दिसत नाही, त्याला विक्रीचा तक्ता दिसतो. आणि आपल्या हॉल्टांची, म्हणजे लहान थांबा-स्टेशनांची, खरी अडचण इथेच आहे. मी मागच्या पावसाळ्यात एका हॉल्टवर सकाळच्या पॅसेंजरला उभा होतो, पत्र्याची शेड, तिकिटाच्या खिडकीवर निळी ताडपत्री बांधलेली, आत कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट एकटाच, सुट्ट्या पैशांवरून एका आजोबांशी त्याची बोलाचाली चाललेली आणि मागे पंधरा-वीस जणांची लाइन. गाडीचा भोंगा वळणावर ऐकू आला तशी लाइन मोडली, दोन मच्छीवाल्या पाट्या डोक्यावर घेऊन धावल्या, कॉलेजची पोरं धावली, आजोबासुद्धा सुट्टे तिथेच ठेवून निघाले. गाडी गेल्यावर एजंट मला म्हणाला, "साहेब, निम्म्याहून जास्त असेच गेले." त्या लोकांची तिकीट काढायची दानत नव्हती असं मुळीच नाही, पण रेल्वेच्या हिशोबात त्या दिवशी ती माणसं त्या स्टेशनवर आलीच नव्हती. असे तीनशे दिवस गेले की स्टेशन "प्रवासी नाहीत" या रकान्यात जातं. आणि वर विनातिकीट म्हणून दंड बसतो तो वेगळाच.

म्हणून पहिलं काम म्हणजे गावातल्या दोन पोरांना एक आखीव वही देऊन पंधरा दिवस स्टेशनवर बसवा, प्रत्येक पॅसेंजरला किती चढले, किती उतरले आणि जमलं तर कशासाठी, कॉलेज, दवाखाना, कोर्ट, बाजार, एवढंच लिहायला सांगा. गणपतीत किंवा मे महिन्यात मोजू नका, सीझनची गर्दी म्हणून बाजूला टाकतील, साध्या महिन्यातले पंधरा दिवस घ्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला रत्नागिरीला जाणारा एक जरी पेशंट त्या गाडीवर असेल तर तो आकडा वेगळा लिहा. दुसरं, एजंटाशी बोला, ग्रामपंचायतीने त्याला बसायला धड जागा, वरती नीट पत्रा आणि सुट्ट्या पैशांची सोय करून दिली तरी विक्री वाढते. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना तिकिटाचं अॅप घालून द्या, तिथे काढलेल्या तिकिटावर चढायचं स्टेशन तुमचंच पडतं.

मग ठराव. त्यात गहिवर नको, चार वाक्यं हवीत, किती माणसं जातात, कोणत्या कामाला जातात, थांबा गेला तर पर्यायी एसटी किंवा वडाप (शेअर जीप) किती वेळात आणि किती पैशात मिळते, आणि शेवटी सर्वात महत्त्वाचं, ग्रामपंचायत स्वतः काय करायला तयार आहे. स्टेशनचा रस्ता, दिवे, पाणी, काहीतरी. हे शेवटचं वाक्य नव्वद टक्के ठरावांत नसतं असा माझा अनुभव आहे, आणि ते असलं की समोरचा अधिकारी पत्र परत वाचतो. एक प्रत रत्नागिरीच्या क्षेत्रीय रेल्वे व्यवस्थापकांना, एक कोकण रेल्वेच्या बेलापूरच्या मुख्य कार्यालयाला, एक खासदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि प्रत्येक ठिकाणची पोच शिक्क्यासह जपून ठेवा. आजूबाजूच्या चार ग्रामपंचायतींचा असाच ठराव पंचायत समितीतून एकत्र गेला तर आणखी चांगलं, कारण स्टेशन कधीच एका गावाचं नसतं.

ग्रामसभा २६ जानेवारीला घेत असाल तर ठराव मांडते वेळी एक गोष्ट सांगा, रोह्यापासून थेट मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ च्या २६ जानेवारीलाच.

प्रश्न : स्टेशन ते आमची वाडी दीड किलोमीटर. मुलगी क्लासवरून संध्याकाळच्या पॅसेंजरने येते. रस्त्यावर एक दिवा नाही. ग्रामपंचायत म्हणते रस्ता रेल्वेचा, रेल्वेवाले म्हणतात ग्रामपंचायतीचा. आता तिला वडापने पाठवतो, रोजचे जास्त पैसे जातात. — एक आई, खेड तालुका

तुमचं पत्र वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा सगळ्यात लवकर सुटण्यासारखा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त गाड्या बहुतेक ह्याच प्रश्नामुळे रिकाम्या होतात. गाडी बंद व्हायच्या आधी रस्ता बंद होतो. तुमची मुलगी वडापने जायला लागली म्हणजे त्या स्टेशनचं रोजचं एक तिकीट गेलं, शेजारणीची मुलगी गेली की दोन, आणि वर्षभराने कुणीतरी म्हणणार की बघा, संध्याकाळी इथे कुणी उतरतच नाही.

आपली स्टेशनं मुळात गावापासून लांब आहेत, डोंगराच्या कुशीतून लाइन न्यायची म्हणून जिथे सपाटी मिळाली तिथे स्टेशन झालं. राजापूर रोड बघा, नावात राजापूर आहे पण शहरात जायला केवढं अंतर तोडावं लागतं, एसटी चुकली तर रिक्षा सांगेल तो भाव. तेव्हा गाडीपेक्षा गाडीपर्यंतचा रस्ता हाच आपल्याकडे खरा विषय आहे, आणि रेल्वेच्या हद्दीबाहेर तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हातातला विषय आहे.

तुम्ही असं करा. ग्रामसेवकांना लेखी अर्ज द्या की रेल्वेच्या सेक्शन इंजिनियरसोबत संयुक्त पाहणी करा आणि हद्द कुठे संपते ते कागदावर आणा. रेल्वेच्या हद्दीचे दगड असतात, गवतात गाडलेले असतात पण असतात, ते शोधले की अर्धं भांडण संपतं. दगडाच्या स्टेशनकडचं रेल्वेचं, गावाकडचं ग्रामपंचायतीचं किंवा जिल्हा परिषदेचं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत दिवे लावायला वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, भाग वापरता येतो, आराखड्यात ते काम घातलेलं असलं पाहिजे एवढंच, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला बायकांनी जा आणि "स्टेशन रस्ता दिवाबत्ती" हे शब्द लिहून घेऊनच उठा. रस्ता मोठा असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे मागणी जाते. खासदारांना वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, तिथेही अर्ज करा.

आणि एसटीचं विसरू नका. आगारप्रमुखांना पत्र द्या की पॅसेंजरच्या वेळेला एक फेरी स्टेशनला लावा. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, वेळा बदलतात, २०२५ पासून हे पावसाळी वेळापत्रक १५ जून ते २० ऑक्टोबर असतं, आधी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. एसटीची वेळ मात्र बारा महिने तीच राहते, मग जूनमधे गाडी पोचते आणि बस पंधरा मिनिटांपूर्वी निघून गेलेली असते. वर्षातून दोनदा ग्रामपंचायतीने आगाराला नुसतं नवीन वेळापत्रक पाठवून एक पत्र दिलं तरी हा घोळ टळतो, फार काही लागत नाही, एक माणूस हवा ज्याच्या लक्षात राहील. तुमच्या गावात तो माणूस बनायला तुम्हीच योग्य आहात असं मला पत्रावरून वाटलं.

प्रश्न : पॅसेंजरची एक्सप्रेस केली म्हणजे नक्की काय केलं? गाडी तीच, डबे तेच, थांबे जवळजवळ तेच, तिकीट मात्र तिप्पट झालं होतं.

२०२० मधे लॉकडाऊनमधे गाड्या उभ्या होत्या तेव्हा रेल्वेने देशभरचं वेळापत्रक नव्याने बसवायला घेतलं आणि २०० किलोमीटरपेक्षा लांब धावणाऱ्या पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसमधे बदलायचं धोरण आणलं. आपल्याकडे जवळच्या पल्ल्याची पॅसेंजर फारशी नाहीच, रत्नागिरीहून मुंबईकडे किंवा सावंतवाडीहून दिव्याकडे जाणारी गाडी २०० च्या कितीतरी पुढे जाते, त्यामुळे फटका बसायचा तो बसलाच. कोविडनंतर गाड्या "स्पेशल" म्हणून सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० झालं, मग फेब्रुवारी २०२४ मधे देशभरातल्या साध्या गाड्यांचं भाडं परत १० रुपयांपासून सुरू केलं. ज्या गाड्या एक्सप्रेस म्हणून नोंदल्या गेल्या त्यांना मात्र एक्सप्रेसचं भाडं लागतं. दोन स्टेशनांपुरतं जाणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे, काजू-फणस घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईतून तो जातो. म्हणून ठरावात फक्त "गाडी ठेवा" एवढंच लिहू नका, "साध्या भाड्यात ठेवा" असंही लिहा.

प्रश्न : मी सिंधुदुर्गातल्या एका नगरपंचायतीत नगरसेवक आहे. लोक म्हणतात, "आमका कोण इचारता?" जगात कुठे लहान गावांनी पैसे घालून गाडी वाचवल्याचं उदाहरण आहे का? असेल तर सभागृहात सांगता येईल.

आहे, आणि एक नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, सभागृहात वाचून दाखवा.

पहिलं अमेरिकेतलं. शिकागो ते लॉस एंजलिस अशी साउथवेस्ट चीफ नावाची गाडी रोज धावते. चालवते अॅमट्रॅक ही तिथली सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी, पण रूळ बीएनएसएफ ह्या मालवाहतूक कंपनीचे. कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतल्या एका मोठ्या तुकड्यावर मालगाड्या फारशा राहिल्या नाहीत, तेव्हा कंपनी म्हणाली, आम्हाला मालगाडीच्या वेगापुरतेच रूळ लागतात, प्रवासी गाडीच्या वेगाला राखायचे असतील तर खर्च दुसऱ्या कुणीतरी करावा. गाडी त्या तुकड्यावर रखडत जाणार किंवा मार्ग बदलून मोठ्या शहरांकडून जाणार, म्हणजे वाटेतल्या लहान गावांची गाडी गेलीच असं चित्र होतं. अशा वेळी गार्डन सिटी नावाच्या कॅन्ससमधल्या गावाने, गावाने म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, स्वतः अर्जदार होऊन केंद्र सरकारच्या टायगर नावाच्या अनुदान योजनेत अर्ज केला. २०१४ मधे सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मंजूर झाली. पुढच्या वर्षी ला हंटा ह्या कोलोरॅडोतल्या गावाने तेच केलं आणि दीड कोटी डॉलर आणले. ला हंटाची वस्ती सात हजारांच्या घरात, म्हणजे तसं लहानच गाव. केंद्राचं अनुदान मिळवायला आपला हिस्सा दाखवावा लागतो, तो राज्यांनी, अॅमट्रॅकने, रेल्वे कंपनीने आणि लाइनवरच्या गावांनी, काउंट्यांनी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी) आपापल्या बजेटमधून थोडा थोडा घातला. त्या पैशातून जुने बोल्टाचे रूळ काढून सलग जोडलेले रूळ टाकले.

गोष्ट तिथे संपली नाही. २०१८ मधे अॅमट्रॅकनेच विचार मांडला की डॉज सिटी ते अल्बुकर्कीच्या टप्प्यात गाडीऐवजी बस चालवू. पण आता गावांचे पैसे रुळात गेलेले होते, ते गप्प कसे बसतील? गावं आपापल्या सिनेटरांच्या मागे लागली, दोन्ही पक्षांच्या, आणि ऑगस्ट २०१८ मधे अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ४ मतांनी गाडीच्या बाजूने कौल दिला. गाडी आजही धावते. माझ्या मते ह्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की गावाने घातलेली रक्कम एकूण खर्चात लहानच होती, पण त्या रकमेमुळे गाव मागणारं न राहता भागीदार झालं, आणि भागीदाराला न विचारता गाडी काढणं अवघड जातं.

दुसरं इंग्लंडमधलं, सेटल ते कार्लाइल ही डोंगरातून जाणारी लाइन. १९८० च्या दशकात ती बंद करायची तयारी चालली होती, मुख्य कारण रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, दुरुस्ती परवडत नाही असं म्हणायचे. पण तिथल्या नॅशनल पार्कच्या संस्थेने १९७५ पासूनच स्वतःच्या जोरावर सुट्टीच्या दिवशी खास गाड्या चालवायला लावल्या होत्या, आणि १९८६ मधे तिथल्या कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांनी, पैसे घालून आठ लहान स्टेशनं पुन्हा उघडली आणि थांबणाऱ्या लोकल गाड्या सुरू केल्या. विचार करा, वरून बंद करायची नोटीस आणि खालची गावं स्टेशनं उघडतायत. प्रवासी १९८३ ला वर्षाला ९३ हजार होते ते १९८९ पर्यंत साडेचार लाख झाले. बंद करण्याविरुद्ध २२ हजारांहून जास्त हरकती आल्या, त्यात एक हरकत एका कुत्र्याचीही होती, पंजाचा ठसा उमटवलेली, कारण तो मालकासोबत तिकीट काढून प्रवास करायचा. एप्रिल १९८९ मधे सरकारने लाइन चालू ठेवायचा निर्णय जाहीर केला.

तिसरं जपानचं, ते आपल्यासारखंच समुद्रकाठचं आहे. इवाते प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या तोट्यातल्या लाइनी राष्ट्रीय रेल्वेला नको झाल्या तेव्हा १९८४ मधे प्रांत सरकार आणि काठावरच्या नगरपालिकांनी भागीदार होऊन सानरिकु रेल्वे कंपनी चालवायला घेतली. मार्च २०११ च्या त्सुनामीत रूळ, पूल, स्टेशनं वाहून गेली, आणि पाचव्या दिवशी त्यांनी जेवढा तुकडा धड होता तेवढ्यावर गाडी सोडली. सगळी लाइन सुरू व्हायला एप्रिल २०१४ उजाडलं. पाचव्या दिवशी गाडी सुटली त्याला कारण कंपनी गावांची होती असं मला मनापासून वाटतं.

आता इथे काय जमेल ते सांगतो, खोटी आशा देत नाही. आपल्या कायद्यात नगरपंचायतीने रेल्वेला गाडी चालवायचे पैसे द्यायचे असा रस्ता नाही. राज्य सरकार मात्र रेल्वेच्या कामात पैसे घालतं, अहिल्यानगर-बीड-परळी लाइनचा अर्धा खर्च राज्याचा आहे, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या बारा स्टेशनांचा बाहेरचा परिसर आणि जोडरस्ते करायचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने २०२३ मधे कोकण रेल्वेसोबत करार करून हातात घेतलं होतं. म्हणजे राज्याचा पैसा स्टेशनवर जाऊ शकत नाही असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण तयार ठेवा. फक्त माझी एक तक्रार आहे की त्यात झळाळी मोठ्या स्टेशनांना आली, पॅसेंजरच थांबते अशा लहान स्टेशनांच्या वाट्याला काही आलं नाही, तिथे अजून पावसात छत्री उघडून तिकीट काढावं लागतं.

तुमच्या नगरपंचायतीच्या हातात एक गोष्ट आहे जिचा कुणी विचार करत नाही. आठवडा बाजार. बाजार कुठे भरवायचा, किती वाजता उठवायचा, कर किती घ्यायचा हे तुम्ही ठरवता. पॅसेंजरने येणाऱ्या भाजीवाल्या, सुक्या मच्छीवाल्या, कोकमं-आंबोशी विकणाऱ्या बायकांना जागा राखून ठेवा, बाजाराच्या दिवशी स्टेशन ते बाजार एक टेम्पो लावा आणि बाजाराची वेळ परतीच्या गाडीला धरून ठेवा. त्या दिवसाची तिकीटविक्री वाढलेली तुम्हाला महिन्याभरात दिसेल. एवढं करून मग रेल्वेला पत्र लिहा.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो, गाव लांज्याकडे. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, आता दिव्यालाच. आई पंच्याहत्तर वर्षांची, तांदळाची पिशवी घेऊन दिव्याच्या जिन्यावर चढते. गावच्या ग्रामपंचायतीने ह्यात काय करायचं, मी तर तिथला मतदारही नाही.

मतदार नसलात तरी गाडीचे खरे प्रवासी तुम्हीच आहात, दादा. आधी एक समजून घ्या, बऱ्याच जणांचं पत्र चुकीच्या दारात जातं. कोकण रेल्वेची हद्द रोह्याला संपते. रोह्याच्या अलीकडे, म्हणजे पेण, पनवेल, दिवा, दादर, हे सगळं मध्य रेल्वेचं. त्यामुळे दादरला प्लॅटफॉर्म मोकळा आहे की नाही, गाडी दिव्याच्या पुढे न्यायची की नाही हे मध्य रेल्वे सांगणार. कोविडनंतर गाडी दिव्यापर्यंतच राहिली, दादर-रत्नागिरी पॅसेंजर पूर्ववत करा ही मागणी प्रवासी संघटना तेव्हापासून करतायत, पण गावाकडचे ठराव बेलापूरलाच जातात आणि तिथेच थांबतात. ठरावाची एक प्रत मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या व्यवस्थापकांना आणि एक रेल्वे बोर्डाला गेलीच पाहिजे.

तुमचं काम असं. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं, गणपतीच्या बसचं बुकिंग करतं, वर्गणी काढतं, यादी त्यांच्याकडे तयार असते. त्या यादीतून मंडळाने फक्त एवढंच गोळा करावं की किती घरं वर्षातून किती वेळा पॅसेंजरने जातात, दिव्यानंतर पुढे कुठे जातात आणि सामान किती असतं. हा कागद ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडा. गावाकडून गाडीत किती चढतात हे ग्रामपंचायत सांगेल आणि मुंबईत किती हाल होतात हे मंडळ सांगेल, दोन्ही टोकांचे कागद एका पाकिटात आजवर फार कमी वेळा गेलेत.

आमच्या वडिलांच्या पिढीने मुंबई-कोकण बोट बंद होताना बघितली. जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, बंदराबंदराला लागणारी बोट, पडावातून उतरायचं, वल्ह्याचं पाणी अंगावर. वडील सांगायचे की एक बंदर कमी झालं, मग दुसरं, प्रत्येक वेळी लोक म्हणाले आपलं तर चालू आहे ना. तुमच्या आईचा तो जिना मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन झाली तर पॅसेंजर वाढतील की जातील?

महाराष्ट्राने २०२५ मधे विलीनीकरणाला संमती दिली, कोकण रेल्वे हे नाव कायम ठेवावं ही अट घालून, बाकीची तीन राज्यं आधीच तयार होती. फायदा सांगितला जातो तो असा की कॉर्पोरेशनकडे दुपदरीकरणाला पैसे नाहीत, रेल्वे अर्थसंकल्पातून ते मिळतील. हे मला पटतं, कारण रोहा ते वीर एवढाच तुकडा २०२१ मधे दुहेरी झाला, बाकी बहुतेक लाइन एकेरी आहे, आणि एकेरी लाइनवर एक्सप्रेसला वाट द्यायला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते ती पॅसेंजरच. पण भागीदार म्हणून राज्याचा जो शब्द आहे तो विलीनीकरणानंतर कमी होणार, म्हणून आत्ताच जिल्हा परिषदांनी ठराव करून राज्याला सांगायला हवं की नावाच्या अटीसारखीच लहान स्टेशनांच्या थांब्यांची आणि साध्या भाड्याच्या गाड्यांचीही अट घाला. नाव राहिलं आणि गाडी गेली तर त्या नावाचं आम्ही काय करू?

प्रश्न : स्टेशनच्या तिकीटविक्रीचे आकडे मागितले तर स्टेशनवर देत नाहीत. कुठे मिळतील? — एक निवृत्त शिक्षक, वैभववाडी

माहितीच्या अधिकारात मिळतील, गुरुजी. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनला हा कायदा लागू आहे. साधा कागद, दहा रुपये फी, पोस्टल ऑर्डर चालते, अर्ज जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे. विचारायचं ते नेमकं विचारा, "आमच्या स्टेशनवर प्रवासी का कमी" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण मत मागता येत नाही, कागदावर असलेली माहितीच मागता येते. म्हणून लिहा की अमुक स्टेशनवरून गेल्या तीन आर्थिक वर्षांत महिनावार किती साधी तिकिटं आणि किती पास विकले गेले, अॅपवरून किती, ह्या स्टेशनवरचा कोणताही थांबा कमी करण्याचा प्रस्ताव फाइलवर आहे का, असल्यास त्याची प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, अपिलाला घाबरू नका, त्याला केंद्राच्या नियमात फीसुद्धा नाही.

आकडे आले की ते गावात मोजलेल्या वहीशेजारी ठेवा. जिथे वहीतला आकडा मोठा आणि विक्रीचा लहान दिसेल तो महिना लाल पेनने खूण करा आणि तेवढे दोन कागद घेऊन ठराव करणाऱ्या ताईंसारख्या तुमच्याकडच्या सदस्यांना भेटा. वैभववाडीची वही भरली की तिची एक झेरॉक्स आमच्याकडेही पाठवा, पुढच्या अंकात छापू.